हायब्रिडवरून पहिल्या रोड बाइककडे: निवडताना काय काय मोजलं

कोथरूड ते हिंजवडी आणि परत, हा रोजचा प्रवास मी आधीपासून हायब्रिडवर, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइकच्या मधल्या सायकलवर, करतो. ७००×३८चे (३८ मिमी रुंद) टायर, सपाट हँडल, पुढे ४८-३८-२८ दात्यांच्या तीन चकत्या, मागे १२ ते ३२ दात्यांची आठ गिअरची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, वजन साडेतेरा किलो. ऑफिससाठी याहून चांगली सायकल नाही, आणि ती मी विकलेली नाही. पण रविवारी ८०-१०० किलोमीटर जायला लागल्यावर दोन अडचणी आल्या. समोरून वारा असला की २४-२५च्या वर वेग टिकत नव्हता. आणि सपाट हँडलवर हात ठेवायला एकच जागा असल्याने दोन तासांत तळवे बधिर होत होते.

रोड बाइक घ्यायची तर याच दोन कारणांसाठी घ्यावी. वजन हे कारण धरू नये. माझं वजन ७२ किलो. सायकल आणि पाण्यासकट चढावर ओढायचं ओझं साधारण ८७ किलो. त्यातून तीन किलो गेले तर साडेतीन टक्के वाचले, म्हणजे सिंहगडाच्या तासाभराच्या चढात जेमतेम दोन मिनिटं. सपाटीवर खरा फरक पडतो तो पुढे वाकलेल्या बसण्याने आणि टायरने.

हायब्रिडलाच ड्रॉप बार, म्हणजे रोड बाइकचं खाली वळलेलं, हात बदलून धरता येणारं हँडल, लावून टाकू, हा विचार बहुतेकांना सुचतो, मलाही सुचला. हिशेब मांडल्यावर सोडून दिला. हायब्रिडच्या व्ही-ब्रेकला वायर जास्त ओढली जावी लागते आणि रोडचे ब्रेक-शिफ्टर (ब्रेक आणि गिअरचे एकत्र दांडे) कमी ओढतात, त्यामुळे नेहमीचे व्ही-ब्रेक त्यांच्यावर धड लागत नाहीत. सपाट हँडलसाठी बनलेला पुढचा डिरेलरही (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) रोड शिफ्टरशी जुळत नाही. शिफ्टर, बार, ब्रेक, डिरेलर सगळंच बदलावं लागतं. एवढं करून फ्रेम मात्र लांबच राहते, कारण हायब्रिडची फ्रेम सपाट हँडल धरूनच लांब केलेली असते. ड्रॉप बारचे हूड (ब्रेकच्या दांड्यांवरची हात ठेवायची जागा) हँडलच्या मधल्या दांड्यापेक्षा दहा सेंटिमीटरहून जास्त पुढे असतात, म्हणजे हात आणखी ताणले जातात. त्यापेक्षा हायब्रिडला ७००×३२चे गुळगुळीत टायर घालून महिनाभर चालवा. मला त्यावरच बराच फरक जाणवला. तेवढ्याने भागलं तर खर्च वाचला.

सायकल बघायला जाण्याआधी मी इनसीम, म्हणजे पायाची आतली लांबी, मोजला. भिंतीला टेकून अनवाणी उभं राहायचं, जाडजूड पुस्तक मांड्यांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं. माझं ८० सेंटिमीटर आलं. त्याला ०.८८३ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते: ७०.६ सेंटिमीटर. सुरुवात तिथून करावी, पुढे अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे होतं.

फ्रेमचा साइज मात्र इनसीमवरून किंवा ‘५४’, ‘एम’ अशा शिक्क्यावरून ठरवू नका. कंपन्यांचे शिक्के एकमेकांशी जुळत नाहीत. जुळतात ते दोन आकडे, स्टॅक आणि रीच. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आणि त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. माझ्या मापात शर्यतीच्या फ्रेमचा स्टॅक ५४५ आणि रीच ३८८ मिमीच्या आसपास होता, भागाकार १.४०. लांब पल्ल्याच्या, म्हणजे एन्ड्युरन्स प्रकारच्या फ्रेमचा ५७० आणि ३७८, भागाकार १.५१. हँडल जवळजवळ सीटच्या बरोबरीने ठेवून रोज चालवणाऱ्याची पाठ १.४०वर लगेच वाकत नाही. ती हळूहळू तयार होते. तोवर मान आणि खांदे दुखतात, आणि लोक सायकललाच दोष देतात. मी १.५०च्या खालचं सगळं बाद केलं. ट्रेकची डोमाने, जायंटची डिफाय किंवा कंटेंड या अशा उंच मांडणीच्या सायकली. ट्रेकचीच एमोंडा आणि जायंटची टीसीआर शर्यतीच्या गटातल्या. दुकानात ‘रोड बाइक’ म्हणून सगळ्या एकाच रांगेत उभ्या असतात.

मग सगळ्यात हलका गिअर. इथे मी सर्वाधिक वेळ घातला आणि कुणालाही तेच सांगेन. आपल्याकडे शहराबाहेर पडलं की घाट लागतो. कात्रज, बोपदेव, खंबाटकी आहेतच, आणि सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ शेवटाकडे चांगलाच उभा होतो. तिथे माझा वेग ७ किलोमीटरवर येतो. हायब्रिडवर पुढे २८ आणि मागे ३२ असताना त्या वेगाला मिनिटाला पायाचे ६१ फेरे पडतात. बहुतेक रोड बाइकवर पुढे ५०-३४ असतं. मागे ११-२८ असेल तर त्याच ७च्या वेगाला पायाचे फेरे ४५वर येतात. मग प्रत्येक फेऱ्याला उभं राहून जोर द्यावा लागतो, आणि गुडघा तिथेच जातो. मागे ३२ असेल तर ५१, आणि ३४ असेल तर ५५. म्हणून ३४-३४ मिळेल अशीच सायकल हवी, हे मी ठरवून टाकलं.

दुकानात ११-२८ आणि ११-३२ अशाच कॅसेट होत्या. कॅसेट बदलता येते, पण मागच्या डिरेलरला ती झेपली पाहिजे. त्याचा केज (चेनच्या पुली धरणारा खालचा भाग) लांब, म्हणजे जीएस प्रकारचा असेल तर शिमानोच्या क्लारिस आर२०००, सोरा आर३००० आणि टियाग्रा ४७०० या तिन्ही गिअरसंचांत ३४ दात्यांपर्यंत जाता येतं. आखूड केज असेल तर नाद सोडावा. मोठी कॅसेट बसवताना चेनही लांब लागते. जुनीच ठेवली आणि चुकून पुढे ५० व मागे ३४ असा गिअर पडला, तर चेन ताणून डिरेलरच तुटू शकतो. माझ्या सायकलला चेन न बदलता कॅसेट बसवून दिली होती. मी स्टँडवर हाताने पॅडल फिरवून हाच गिअर टाकून बघितला, तेव्हा डिरेलर पूर्ण ताणलेला दिसला. नवी, लांब चेन घालून घेतली आणि वरच्या पुलीचं मागच्या मोठ्या चकतीपासूनचं अंतर डिरेलरवरच्या बी-स्क्रूने पुन्हा लावून घेतलं.

क्लारिस आठ गिअरची, सोरा नऊ, टियाग्रा दहा. यावर फार डोकं शिणवू नये. मी सोरा घेतली. क्लारिस असती तर हायब्रिडची आठची चेन दोन्हीकडे चालली असती, तोही एक सोयीचा मुद्दा होता. सगळ्यात स्वस्त गटातली सात गिअरची सायकल घेणार असाल, तर मागच्या चाकात फ्रीहब (ज्यावर कॅसेट सरकवून बसते) आहे की जुन्या पद्धतीचं आट्यांवर बसणारं फ्रीव्हील, हे मात्र विचारा. फ्रीव्हीलवर पुढे वाढ करायला जागा जवळजवळ नसते.

टायरसाठी मी फ्रेममध्ये जागा मोजली. २८चा टायर रुंद रिमवर २९-३० भरतो, आणि पावसात चिखल धरायला दोन्ही बाजूंना किमान चार-चार मिमी सुटलेलं हवं. २५वर आपले खड्डे, रंबलर आणि पुलांचे सांधे सोसत नाहीत. हवा थोडी कमी असली की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ३२पर्यंत जागा असलेली डिस्क ब्रेकची फ्रेम मला म्हणूनच पटली. ब्रेक वायरवर चालणारे आहेत. त्यांचे पॅड झिजतील तसे आपणच आत घ्यावे लागतात, आणि पावसाळ्यातल्या घाटउतारांत झिजतात भराभर. जास्त टिकणारे धातूचे पॅड घालण्याआधी डिस्कवर फक्त रेझिन पॅडची खूण नाही ना, हे बघून घ्या.

चाचणीला एक चक्कर पुरत नाही. मी स्वतःचे बूट घालून वीस मिनिटं हुडवर हात ठेवून चालवली. कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे. सरळ ताठ होत असेल तर १००च्या जागी ९० मिमीचा स्टेम (हँडल धरणारा आडवा तुकडा). मला तो लागला. स्टेमखालच्या कड्या (स्पेसर) सगळ्या ठेवा आणि पहिले सहा महिने फोर्कची नळी कापू देऊ नका, कापलेली परत लांब होत नाही. पॅडल आडवं, पाय पुढे, आणि हँडल वळवून बुटाचं टोक चाकाला लागतं का, तेही बघा. लहान साइजमध्ये हमखास लागतं. वेगात त्रास नसतो, पण सिग्नलला हळू वळताना माणूस पडतो.

मडगार्ड आणि कॅरियरची भोकं फ्रेमला आहेत का, हेही मी पाहिलं. पॅडल, पंप, दोन ट्यूब आणि टायर लिव्हर यांचे पैसे आधीच बाजूला ठेवले होते. ट्यूबला प्रेस्टा (बारीक प्रकारचा) व्हॉल्व्ह असतो, रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. मध्ये जोडायचा छोटा पितळी नोझल सीटखालच्या पिशवीत असावा. २८च्या टायरला माझ्या वजनाला मागे ७५-८० आणि पुढे ७० पीएसआय पुरते. बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी हवा भरायची नसते.

पहिल्या दोनशे किलोमीटरांत गिअरच्या वायरी बसून किंचित सैल होतात, आणि मागच्या मोठ्या चकतीवर चढताना चेन अडखळायला लागते. मागच्या डिरेलरजवळचा बॅरल अ‍ॅडजस्टर (वायरचा ताण बदलणारी फिरकी) घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवायचा, पॅडल मारून बघायचं, लागला तर आणखी पाव.