आमची वाटचाल : आउट काढण्यापासून जीपच्या रिमपर्यंत

धुळ्यात आग्रा रोडलगतच्या गल्लीत आप्पांनी दुकान टाकलं ते सायकलच्या चाकांचं. पंक्चर त्यांनी कधी काढलं नाही. पंक्चरवाले चार पावलांवरच होते आणि त्यांच्याकडूनच आप्पांना काम यायचं. काम एकच, चाकाचा आउट काढायचा, म्हणजे फिरताना डुलणारं चाक सरळ करायचं. पुढे दूधवाल्यांच्या राजदूत येऊ लागल्या. दोन्ही बाजूंनी कॅन लटकवून खेड्यापाड्यातून येणाऱ्या त्या गाड्यांच्या चाकांच्या तारा (स्पोक) तुटणं हे आमचं रोजचं उत्पन्न. त्यांच्यामागे बागायतदारांच्या बुलेट आल्या. तारेवर पान्ह्याने हलकेच टिचकी मारायची आणि आवाजावरून ताण ओळखायचा, हे आप्पांचं तंत्र. आमच्याकडे आता चाकाचा आउट मोजणारं डायल गेज आहे, पण शेवटची टिचकी अजून मारतोच.

बिनतारांची ॲलॉय व्हील आली आणि तारांचं काम बसलं. तोवर दुकान माझ्या हातात आलं होतं. ‘टायरचं शोरूम टाक,’ असं सगळे सोयरे सांगत होते. भांडवल नव्हतं म्हणून टाकलं नाही, यात शहाणपण वगैरे काही नव्हतं.

वळण आलं ते शहाद्याकडच्या एका भाऊंच्या जीपमुळे. वडिलांची महिंद्रा जीप, मधल्या काळात कुणीतरी हौसेने रुंद रिम चढवलेल्या. स्टिअरिंग ओढताना खांदे भरून यायचे आणि पूर्ण वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासायचं. चाक मूळ जागेपासून बाहेर सरकलं की व्हील बेअरिंग आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यावर) नको तो भार पडतो, हे भाऊंना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं, की सारंगखेड्याच्या यात्रेला जीप कंपनीतून निघाली तशी दिसावी.

या जीपची मूळ रिम १६ इंची, रुंदी साडेचार इंच, टायर ६.००-१६. चाकाचे नट ज्यांवर बसतात ते पाच स्टड, साडेपाच इंची वर्तुळावर. आता घोळ असा, की छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकालाही ६.००-१६ टायर येतं. टायरचा नंबर जुळला म्हणून लोक ट्रॅक्टरची रिम घेऊन येतात, ‘मधली भोकं तेवढी पाडून द्या,’ म्हणतात. आम्ही पाडून देत नाही. मधल्या डिस्कची खोली वेगळी असते, म्हणजे चाक पुन्हा आत किंवा बाहेर सरकणारच. त्यावरचं तीन धारांचं टायर तर शेतासाठी असतं, डांबरी रस्त्यावरच्या वेगासाठी नाही. या नकारामुळे गिऱ्हाईक गेलंय, पुढेही जाईल.

मग मूळ रिम आणायच्या कुठून? मुंबईच्या चोरबाजारापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत चौकशा केल्या. सापडल्या घराजवळच, बैलगाड्यांखाली. काळ्यापिवळ्या जीप भंगारात गेल्या तेव्हा त्यांची चाकं शेतकऱ्यांनी उचलली आणि टायरगाड्यांना लावली. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, शिरपूरकडे, फवारणीच्या टाक्यांच्या गाड्यांनासुद्धा जीपच्या रिम निघतात. पण नुसते पैसे दाखवून त्या मिळत नाहीत. ऐन हंगामात गाडी उभी राहिली तर त्या माणसाचं नुकसान आपल्या पैशांपेक्षा मोठं असतं. म्हणून आम्ही टायरसकट दुसरी जोडी टेम्पोत घालून नेतो, जागेवर बसवून देतो आणि मगच जुनी काढतो. बांधावर बसून टेप लावत होतो, तर एक बाबा म्हणाले, “चाक गोल शे ना भाऊ, मंग इतलं काय मोजी राहिनात?”

मोजावं लागतं. भोकं पाच असल्यामुळे एका भोकाच्या बरोबर समोर दुसरं भोक येत नाही, म्हणून आडवा टेप लावून वर्तुळ कळत नाही. लगतच्या दोन भोकांचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर घ्यायचं. ते ८२ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर वर्तुळ साडेपाच इंची, म्हणजे जीपचं. मग भोकांच्या कडा बघायच्या. ढिल्या नटांवर चाललेल्या चाकाची भोकं लांबट होतात आणि नट बसायची उतरती बाजू झिजते. अशी रिम कितीही चकचकीत रंगवली तरी गाडीला लावायची नाही. डिस्क आणि रिम जिथे जोडल्या जातात तिथला रंग खरवडून तडा शोधायचा. शेवटी हबवर चढवून डायलवर फिरवायची. दीड मिलिमीटरपेक्षा जास्त आउट दिसला तर आमच्याकडून ती बाहेर जात नाही, परत टायरगाडीच्याच कामाची.

बसवताना एक गोष्ट गावोगावच्या मिस्तरींना हमखास दगा देते. जुन्या विलीज (मूळ अमेरिकी जीप) धाटणीच्या जीपला डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. चाक पुढे फिरताना नट आपोआप सुटू नयेत म्हणून ही योजना. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेला असतो, पण चिखल-ग्रीसखाली तो दिसणार कुणाला? नट सुटत नाही म्हणून पान्ह्याला पाइप लावतात, दोघं लटकतात आणि स्टड कडकन तुटतो. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या जीपला डाव्या बाजूला कुठला तरी भलताच स्टड ठोकलेला असतो. आधी वायर ब्रश मारा, मग पान्हा लावा.

महायुद्धाच्या काळातल्या लष्करी विलीजची दोन भागांची कॉम्बॅट रिम हा वेगळाच विषय. दोन्ही भाग नटांनी जोडलेले असतात. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडल्याशिवाय त्या नटांना हात लावायचा नाही, आत दाब असेल तर रिमचा भाग उडून माणूस जाऊ शकतो. आमच्याकडे हे काम फक्त दुकानातले चाचा करतात. त्या वेळी दुकानात गप्पा बंद.

तारांचं कामही परत आलं, जुन्या बुलेटमुळे. तिची रिम डब्ल्यूएम-२ (हा रुंदीचा नंबर), १९ इंची, ४० तारांची. ४० भोकांची नवी रिम मिळते, पण भोकं कुठल्या हबच्या हिशोबाने तिरकी पाडली आहेत ते बघितलं नाही तर निपलपाशी (तार रिमला आवळणाऱ्या नटापाशी) तार वाकते आणि महिन्या-दोन महिन्यांत तुटायला लागते. एका व्यापाऱ्याकडून मागवलेल्या रिमचा क्रोम पहिल्याच पावसाळ्यात फुगला, पैसे काही परत मिळाले नाहीत. तेव्हापासून रिम हातात घेतल्याशिवाय सौदा नाही.

२०२१ मध्ये केंद्राने ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. चाकांचा त्यात वेगळा उल्लेख नसला तरी मालकांच्या डोक्यात ‘मूळ’ हा शब्द बसला आणि आमचा फोन जास्त वाजू लागला. आता नाशिक, इंदूर, सुरतेकडूनही चाकं येतात. उन्हाळ्यात दुपारचं काम बंद ठेवतो, मे महिन्यात पत्र्याखाली रिमला हात लावून बघा म्हणजे कळेल.

सध्या शोध आहे तो जुन्या जावा मोटारसायकलच्या १६ इंची रिमचा. येझदीची १८ इंची मिळते, ही मिळत नाही. जीपच्या उलट्या आट्यांचे जुने नटही हवे आहेत. कुणाच्या खळ्यात, गोठ्यात पडले असतील तर भंगारवाल्याला देण्याआधी एक फोटो पाठवा. चाक उताणं ठेवून, भोकांवर टेप धरून काढलेला. रंग देऊ नका, गंज तसाच राहू द्या. तडा शोधायला तो बरा पडतो.