पन्नास मिनिटांचा फरक

लघुकादंबरी लिहायला घेतली तेव्हा माझ्या हातात एकच वाक्य होतं. "तू जा गं, माझं काय, मी राहीन." ते म्हणणारे बाबा, ऐकणारी छत्तीस वर्षांची मुलगी आणि समुद्राकाठचं एक लहान गाव. बाबा ओरडत नाहीत, हात उगारत नाहीत, दाराला कडी लावत नाहीत. एवढंच म्हणतात, आणि ती पायातली चप्पल काढून परत आत येते.

पहिला खर्डा पाच महिन्यांत झाला, ५२,००० शब्दांचा, सगळा मुलीच्या तोंडून. लिहिताना हात भलताच सुटला होता. ज्या मैत्रिणीला वाचायला दिला तिनं आठवड्यानं गठ्ठा परत केला आणि म्हणाली, "बाबांचा राग येतच नाही गं. हिचाच कंटाळा येतो. सारखी गाऱ्हाणी." मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. मग स्वतः वाचलं. 'गुदमरल्यासारखं झालं' हे शब्द अकरा वेळा आले होते. ज्याचा खरंच जीव गुदमरतोय त्याच्याकडे एवढं बोलायला श्वास कुठून येणार?

मग मी अभ्यासाच्या मागे लागले. साल्वाडोर मिनुचिन हे कुटुंबोपचारातलं मोठं नाव. १९७०च्या दशकात त्यांनी अशा घरांसाठी 'एन्मेश्ड' हा शब्द रूढ केला. माणसामाणसांतल्या सीमारेषा इतक्या पुसट झालेल्या असतात की एकाचं दुखणं कुठं संपतं आणि दुसऱ्याचं कुठं सुरू होतं ते कळू नये. 'मेश' म्हणजे जाळी, आणि माझी गोष्ट समुद्राकाठची! मी हुरळलेच. तिथंच फसले. पुढची चाळीस पानं बाबा फक्त त्या व्याख्येत बसेल तेवढंच वागायला लागले. ती पानं फेकली. त्यातून एकच गोष्ट उरली, पण कामाची: जाळं दोन्ही बाजूंनी विणलेलं असतं. बाबांच्या चष्म्याची दुसरी जोडी कुठं आहे हे मुलीला ठाऊक असतं. ती सांगत नाही. चष्मा हरवला की बाबा तिलाच हाक मारतात, आणि ती दोन खोल्या ओलांडून धावत येते. हा एक परिच्छेद लिहिल्यावर पहिल्यांदा वाटलं की ही दोघं एका घरात राहतात. मग प्रथमपुरुष सोडला आणि मुलीला 'ती' केलं.

दुसरा खर्डा समुद्राकाठी आयुष्य गेलेल्या एका गृहस्थांना दाखवला. मानसशास्त्राबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. "सोमवारी बाराला ओहोटी आणि गुरुवारीही बाराला? समुद्र सरकारी नोकरीत आहे का?"

खरंच चुकलं होतं. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला आणखी सुमारे ५० मिनिटं लागतात. म्हणून आजची भरती-ओहोटी उद्या तेवढीच उशिरा येते, आणि एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. शाळेत शिकलेलं सगळं. पण माझ्या गोष्टीत समुद्र हा नुसता पडदा होता, मागं टांगलेला. त्याला काही काम द्यावं हे डोक्यातच आलं नव्हतं.

त्या रात्री वहीवर आकडे मांडत बसले. किनाऱ्यासमोर एक खडक आहे, ओहोटी लागली की तिथवर वाळूची वाट उघडी पडते. मुलगी रोज पहाटे एकटी तिथं जाते, दिवसातला तिचा स्वतःचा तेवढाच वेळ. पहिल्या दिवशी ओहोटी साडेपाचला, बाबा झोपेत. दुसऱ्या दिवशी सहा-वीस. तिसऱ्या दिवशी सात-दहा, बाबा उठायची वेळ. चौथ्या दिवशी आठ, म्हणजे बाबांच्या गोळ्या. संध्याकाळची ओहोटी तर बाबांचीच, तिच्या खांद्यावर हात ठेवून किनाऱ्यावर फेरी मारायची. बाबांचा दिवस घड्याळाला बांधलेला, तिचा चंद्राला. भांडण मला लावावंच लागलं नाही.

शिवाय अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणजे मधले तीन-चार दिवस वाळूची वाट उघडतच नाही. कादंबरीचा मधला भाग मला तिथं मिळाला. तीन-चार दिवस दोघं घरात, बाहेर पाणी शांत, आणि कुणी कुणाला एक वावगा शब्द बोलत नाही. हे प्रकरण मी सात वेळा लिहिलं. दर खेपेला कुणीतरी ओरडायचं, आणि मी ते ओरडणं काढून टाकायची.

एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंतचा पंधरवडा एवढाच काळ ठेवला. पंधरा दिवसांनी ओहोटी पुन्हा जवळपास त्याच वेळेला येते, तेव्हा गोष्टही आपोआप पहाटेशी येऊन थांबली. मुलीचं बालपण, मेलेली आई, मोडलेलं लग्न सगळं गळालं. २४,००० शब्द राहिले. अमेरिकेत विज्ञानकथांसाठी आणि अद्भुतकथांसाठी दिल्या जाणाऱ्या नेब्युला पुरस्काराच्या नियमांत नॉव्हेला, म्हणजे आपली लघुकादंबरी, म्हणजे १७,५०० पासून ४०,००० च्या आतलं लेखन. आमच्याकडच्या दोन संपादकांना मात्र ती अंकासाठी लांब आणि पुस्तकासाठी आखूड वाटली. तिसऱ्यांनी घेतली. त्यात सांगण्यासारखं काही नाही, नुसती वाट पाहणं.

शेवट मात्र सांगते. आधी मुलगी बॅग घेऊन बसमध्ये चढत होती. फारच सोपं झालं ते. आता ती महिना उलटला म्हणून कॅलेंडरचं पान उलटायला जाते आणि तिला तारखांच्या कोपऱ्यात बारीक आकडे दिसतात. ५.३०, ६.२०, ७.१०. अक्षर बाबांचं. मागचं पान पाहते, त्यावरही. म्हणजे पहाटे ते जागे असायचे. ही काळजी की पाळत, ते मी लिहिलं नाही. मला ठरवताच आलं नाही.

छपाईला जाण्याआधी हस्तलिखित माझ्या आईनं वाचलं. घरात कुणी विचारायच्या आतच मी सांगून टाकलं होतं की यातलं कुणीही आपल्यापैकी नाही. तिनं दोन दिवसांत वाचून संपवलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "बाकी बरं आहे. पण कॅलेंडरवर त्यानं पेन्सिलीनं नसतं लिहिलं. पुसायचं कशाला?"

मी पेन्सिलीचं पेन केलं.