पातीवरचा ठसा

लातूरच्या औद्योगिक वसाहतीत विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी घडवणारा आमचा छोटा कारखाना आहे. गेल्या वर्षी वेळा अमावास्येच्या आधी आम्ही प्रथमच एक मिटता चाकू तयार केला. तीन इंचांची पात, बाभळीची मूठ, पितळी रिव्हेट आणि पात उघडी धरून ठेवणारी पाठीवरची कमान, असा तो आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या बंडीच्या खिशात असायचा त्याच घडणीचा होता. चाकू मनासारखा उतरला, नाव मात्र ठरत नव्हते, आणि ते ठरवायला एकच दिवस हाती होता.

घाईचे कारण पोलादात होते. पात मऊ असते तोवरच तिच्यावर नावाचा ठसा उठतो. एकदा ती साडेआठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवली (तेल वापरले तरी आम्ही त्याला पाणी देणेच म्हणतो), की ती इतकी कठीण होते की ठसा मारताना एक तर पात तडकते, नाही तर ठशाचीच अक्षरे उडतात. घासून तयार केलेल्या पाती भट्टीशेजारी थांबून होत्या आणि ठसे कोरणाऱ्या कारागिराने दुपारपर्यंत नाव मागितले होते. पातीच्या मुळाशी मोकळी जागा जेमतेम सहा मिलिमीटर उंचीची असल्यामुळे वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षर शक्यतो नको, असेही त्याने बजावले होते. ही चिन्हे अक्षराच्या वर किंवा खाली जागा घेतात, त्यामुळे मूळ अक्षर बारीक कोरावे लागते, आणि पॉलिश करताना नेमक्या त्याच रेषा पुसट होतात. जन्मभर लिहीत आलेल्या लिपीचा असा विचार मी कधीच केला नव्हता.

विक्री पाहणाऱ्या मुलांनी कट्यार आणि बिचवा ही नावे पुढे केली. पेरू कापायच्या, सुतळी तोडायच्या वस्तूला शस्त्राचे नाव देणे मला मान्य नव्हते. रामपूरच्या कारागिरांची कला मोठी, पण रामपुरी म्हटले की लोकांना आधी भीती आठवते. रामपुरीसारखे 'लातुरी' म्हणावे, असेही कोणी सुचवले. आमच्या वकिलांनी फोनवर समजावले की 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या कलम 9 नुसार केवळ मालाचा प्रकार, गुण किंवा मूळ ठिकाण सांगणारे नाव सहसा नोंदवता येत नाही. फ्रान्समधल्या लायोल गावाच्या नावाचा चाकू जगभर प्रसिद्ध आहे, तरी त्या नावाचे चाकू आज परदेशांतही बनतात, हे मला ठाऊक होते.

माझ्या मनात 'सालगडी' होते. फळाची साल काढणारा गडी, असा त्यातला श्लेष मला फार आवडला होता आणि वेलांटीची अडचण असूनही मी तो शब्द सोडायला तयार नव्हते. मी तो धार लावणाऱ्या मामांना सांगितला. त्यांनी सहाणेचे चाक बंद केले.

"ताई, माझा बाप सालगडी होता. पाडव्याला उचल घ्यायची अन् वर्षभर फेडायची. त्यो शबुद खिशात घालून मिरवायचा नसतो बघा."

मला उत्तर सुचले नाही. ज्याने त्या शब्दाची किंमत मोजली नव्हती, त्यालाच त्यात गंमत दिसू शकत होती. मी त्यांची क्षमा मागितली आणि वडिलांजवळ असा चाकू होता का, एवढेच विचारले.

होता, असे ते म्हणाले. ज्वारी हुरड्यावर आली की मालकाच्या रानात रात्रीची राखण वडिलांकडेच असायची आणि ते मामांना सोबत न्यायचे. काम तेही मालकाचेच, पण दिवसा मुलाशी बोलायला त्यांना सवड नसे. रात्री शेकोटीपाशी बसून ते उसाची कांडी तासून द्यायचे, तुकडा पातीच्या टोकावर धरून पुढे करायचे. "जागलीला गेलं की बाप माझा असायचा," असे म्हणून मामांनी चाक पुन्हा सुरू केले.

जागल. मी तो शब्द पाटीवर खडूने लिहिला. त्यात वेलांटी नव्हती, उकार नव्हता, जोडाक्षर नव्हते; फक्त एक काना होता. तो शब्द चाकूचे वर्णन करत नव्हता, गावाचे नाव नव्हता, आणि आमच्या भागातल्या शेतकऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. तरीही मी मामांना वेगळे विचारले, कारण सकाळी न विचारता मी एक चूक करून बसले होते. त्यांनी पाटीकडे बराच वेळ पाहिले आणि मान हलवली.

ठसा तिसऱ्या दिवशी आला. पहिल्या पातीवर तो मामांनीच मारला. तिन्ही अक्षरे सारख्या खोलीची उठली आहेत, हे त्यांनी अंगठा फिरवून पाहिले आणि संध्याकाळी त्या पातींना पाणी दिले.