भाकर सोडू नका, आधी चहा मोजा

आज दिवसभरात चार जणांचा एकच प्रश्न: "वजन कमी करायचंय, भाकर बंद करू का?"

भाकरीला उगीच आरोपी केलंय. ५०-६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकर म्हणजे साधारण २०० कॅलरी, आणि पोट तीन-चार तास शांत. आता चहा बघा. आपल्याकडं पाव्हणा आला की चहा, चौकात कुणी भेटलं की चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. त्याच २०० कॅलरी, भूक मात्र तशीच! गूळ घातला तरी हिशेब फारसा बदलत नाही.

दुसरं तेल. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर संपत असेल तर माणशी रोज ४० मिलीच्या वर पडतं, म्हणजे ३५० च्या आसपास कॅलरी. ते तीन लिटरवर आणा. फोडणीला कॅनमधून धार धरू नका, चमच्यानं मोजा. घाण्याचं करडईचं तेल चांगलंच, पण ग्रॅमला ९ कॅलरी त्यातही असतातच.

शेंगदाण्याची चटणी चमचाभर ठीक, वर तेल ओतून वाटीभर नको. सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) चालेल, दाणे बेतानं.

भाकर सोडलेल्यांचं गणित संध्याकाळी पाचला फसतं. भूक खवळते आणि समोर फरसाणाचा पुडा. १०० ग्रॅमला ५०० कॅलरी, म्हणजे अडीच भाकरी. त्यापेक्षा मूठभर फुटाणे घ्या.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणात काटछाट डॉक्टरांना विचारूनच.