सत्तरीचं परस आणि लिस्बनचा सज्जा

लिस्बनमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर ईशान्य ब्राझीलच्या एक आजी राहतात. त्यांच्या सज्जात, जुन्या ऑलिव्ह तेलाच्या डब्यात, पानओवा आहे. गोव्यात, सत्तरीतल्या वाळपईला, आमच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर माजतो तोच. जाड, लवदार पान, कडेला गोलसर दाते, बोटांत चुरडलं की ओव्याचा घमघमाट. आजी त्याला जाड पानांचा पुदिना म्हणतात. नातवाला खोकला झाला की पातेल्यात साखरेचा थर, त्यावर पानांचा थर, पुन्हा साखर असं रचून मंद आचेवर ठेवतात आणि सुटलेला हिरवट पाक चमच्याने चाटवतात. माझी आई तेच पान चिमट्यात धरून ज्योतीवर शेकते. पान मऊ पडलं की मुठीत पिळते आणि रसात मध घालते. दोघींची भेट कधी झाली नाही, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी एकच पान, एकच दुखणं आणि लहान मुलाला गोडातून द्यायची तीच युक्ती.

पानओवा मूळचा आफ्रिकेकडचा. काजू मात्र आजींच्या ब्राझीलकडून आपल्याकडे आला, सोळाव्या शतकात, पोर्तुगीज जहाजांतून. आजींच्या गावी पोट बिघडलं की काजूच्या सालीचा काढा देतात, हिरड्या सुजल्या तर त्याच काढ्याच्या गुळण्या करायला लावतात. आमच्या घरी बोंडूंचा रस निघतो, बिया भाजल्या जातात, सर्दीला छातीवर फेणी चोळली जाते. पण औषधासाठी काजूची साल उकळताना मी कधी कुणाला पाहिलं नाही. झाड सहज प्रवास करतं. त्याचं काय करायचं हे ठाऊक असलेलं माणूस सोबत आलं नाही, तर ते ज्ञान मागेच राहतं.

इथल्या पोर्तुगीज घरांचाही स्वतःचा बटवा आहे. खोकल्याला गाजराच्या चकत्या साखरेत रात्रभर मुरवून सुटलेलं पाणी देतात. लघवीच्या जळजळीला मक्याच्या कणसाचे केस किंवा चेरीचे देठ उकळतात. झोप यावी म्हणून लिंडन नावाच्या झाडाची फुलं. वाळलेल्या औषधी विकणारी दुकानं गल्लीबोळांत अजून टिकून आहेत. आमच्या जवळच्या दुकानात एक वयस्क बाई बसतात. मी मैत्रिणीसाठी हिपेरिकाव मागितलं. उदास मनासाठी युरोपात जुन्या काळापासून वापरली जाणारी ही पिवळ्या फुलांची वनस्पती. पुडी बांधायच्या आधी बाईंनी विचारलं, कोणासाठी, वय काय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, गर्भनिरोधक घेते का. मैत्रीण गर्भनिरोधक गोळी घेत होती. बाईंनी बरणी परत फळीवर ठेवली. ही वनस्पती यकृताला कामाला लावते आणि कित्येक औषधं शरीरातून नेहमीपेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. आपल्याकडे डॉक्टर गोळ्यांबद्दल विचारतात तेव्हा आपण सकाळच्या काढ्याचा उल्लेखही करत नाही. ‘ते काय औषध थोडंच आहे,’ असं वाटतं. औषधच आहे ते!

विचारण्यावरून मला नेहमी गार्सिया द ऑर्ता आठवतो. पणजीच्या बागेला ज्याचं नाव आहे तो. लिस्बनच्या समोर, नदीपलीकडच्या अल्मादात त्याच्या नावाचं मोठं रुग्णालय आहे, पण आत जाणाऱ्या किती जणांना त्याचं गोव्याशी नातं ठाऊक असेल! हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि भारतातल्या औषधींवरचा त्याचा संवादग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. त्याचं मोठेपण मला एका गोष्टीत वाटतं: आपल्याला काय येतं यापेक्षा आपण कोणाला विचारलं हे त्याने पानोपानी दिसू दिलं. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात त्याचं येणंजाणं होतं, त्याच्याशी औषधांच्या नावांची देवाणघेवाण होती. ग्रंथात मालुपा नावाचा हिंदू वैद्य येऊन बोलतो. घरातली दासी अंतोनिया रोपं आणि फळं आणून दाखवते. आपलं भिरंड, म्हणजे कोकम, तेही त्यात आहे. ज्या गोव्याने त्याला हे सगळं दिलं, त्याच गोव्यातल्या धर्मसभेने, म्हणजे इन्क्विझिशनने, ज्यू घराण्यातला तो छुपेपणाने ज्यू धर्मच पाळत होता असं ठरवून त्याच्या मृत्यूनंतर, 1580 साली, त्याची हाडं उकरून जाळली. त्याची बहीण कातारिना तर 1569 सालीच जिवंत जाळली गेली होती. हे लिहितानाही हात थबकतो.

पुढे शंभरेक वर्षांनी कोचीनच्या डच गव्हर्नराने, व्हान रेडने, मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. पहिला खंड 1678 साली ॲम्स्टरडॅमला निघाला. माहिती देणाऱ्यांत मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होते आणि तिघे कोकणी वैद्यही होते: रंग भट, विनायक पंडित, अपू भट. त्यांचं साक्षपत्र कोकणी भाषेत, नागरी लिपीत, त्या खंडात छापलेलं आहे. ॲम्स्टरडॅममध्ये, सतराव्या शतकात! गोव्यातल्या छळाला कंटाळून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसं. मला त्या पानाचा विलक्षण अभिमान वाटतो, कारण तिथे ज्ञान देणाऱ्याला नाव आहे. एरवी ‘स्थानिक लोक वापरतात’ एवढ्यावर आपली बोळवण होते. 1995 साली जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेतल्या एका संस्थेला मिळालं तेही याच वृत्तीतून. भारताने जुने दाखले पुढे केले तेव्हा 1997 साली ते रद्द झालं.

नुसतं नाव माहीत असून मात्र भागत नाही. कोणता भाग, कसा करायचा, किती घ्यायचा, यात सगळं आलं. चीनच्या शास्त्रज्ञ तू यूयू यांची टीम हिवतापावर चिंगहाव नावाची वनस्पती तपासत होती, पण अर्क कधी लागू पडे, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्याच्या नोंदीत त्यांना सापडलं की मूठभर वनस्पती पाण्यात भिजवावी, पिळावी आणि तो रस प्यावा. उकळायचं नाव नव्हतं. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला आणि 1971 साली तो लागू पडला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, लाखो जीव वाचले, 2015 साली नोबेल मिळालं. आई पानओवा ‘शेक, उकळू नकोस’ म्हणून ओरडते तेव्हा मी आता वाद घालत नाही.

आणि नाव चुकलं तर काय होतं ते बेल्जियमने पाहिलंय. 1990 च्या सुमारास ब्रुसेल्समध्ये वजन कमी करायच्या गोळ्यांत एक चिनी मुळी घातली जात होती. दोन मुळ्यांची चिनी नावं जवळजवळ सारखी, त्यामुळे भलतीच मुळी आली. शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे कित्येकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. ती मुळी ॲरिस्टोलोकिया कुळातली होती. त्याच कुळातलं सापसंद, म्हणजे ईश्वरी, आमच्या कुंपणावर चढलेलं आहे. विंचू चावला, पोट दुखलं की तिचं मूळ उगाळून द्यायची पद्धत जुनी आहे. ॲरिस्टोलोकिक आम्ल तिच्यातही असतं आणि ते माणसात कर्करोग करतं हे आता सिद्ध झालंय. एका उगाळीने कुणी धाडकन पडत नाही, नुकसान वर्षांनी दिसतं. म्हणूनच आपल्या आजी-पणजीच्या अनुभवाला ते कळणं शक्य नव्हतं. त्यांच्या शहाणपणावर माझी पूर्ण श्रद्धा आहे आणि तरीही हे लिहिते.

यंदा चवथीला घरी होते. माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या चौकटीसाठी, काका रानातून कांगणी, घागऱ्या, नागुलकुडा, कवंडळं घेऊन आले. माझा आठवीतला चुलतभाऊ एकेक डहाळी वर करून न अडखळता नाव सांगत होता आणि कुठलं खायचं नाही, तेही. गणपतीच्या डोक्यावर दरवर्षी रान बांधायचं, म्हणजे दरवर्षी कुणीतरी रानात जाऊन ते ओळखायलाच हवं. आपल्या पूर्वजांनी ही सोय केली नसती, तर सत्तरीतली अर्धी नावं एव्हाना गेली असती, असं मला मनापासून वाटतं. आता बरंच सामान बाजारातून येतं. विकणाऱ्या बाया रानातल्याच असतात, त्यांना सगळं ठाऊक असतं, पण त्यांच्याशी आपण फक्त भाव करतो.

आई आणि मी आता वही करतोय. ती बोलते, मी व्हिडिओ कॉलवर लिहून घेते, भाऊ पान, फूल आणि फळ असे तिन्ही फोटो काढून पाठवतो, कारण नुसत्या पानावरून फसगत होते. प्रत्येक झाडापुढे रकाने आहेत: भाग, कृती, प्रमाण, किती दिवस, कोणी सांगितलं, कोणाला देऊ नये. किराईताच्या शेवटच्या रकान्यात ‘गरोदर बाई’ आलं. भिरंडेलापुढे, म्हणजे कोकमाच्या तेलापुढे, ‘भेगा पडलेल्या टाचा’ लिहून झालं, आणि लिस्बनच्या हिवाळ्यात मीही तेच लावते. सापसंदाची पाळी आली तेव्हा मी तिला बेल्जियमची सगळी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘लिही, पोटात देऊ नये. आणि खाली माझं नाव घाल, म्हणजे घरातले ऐकतील.’