तुम्ही विचारलंत म्हणून: भाषेतले आवाज मोजतात कसे?

भाषाशास्त्र शिकवते असं सांगितलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही हा प्रश्न येतोच, की मराठीत अमुक इतके ध्वनी आहेत हे तुम्ही लोक ठरवता कसं, मुळाक्षरं मोजून का? परवा तुम्हीही तेच विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मुळाक्षरं आधी बाजूला ठेवायची. श आणि ष लिहायला दोन, पण बोलताना आपल्यापैकी बहुतेकजण एकच आवाज काढतात. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी, शाळेत ही जोडी घोकून घेतात, पण बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणूनच तर पोरं ऱ्हस्व-दीर्घात चुकतात, त्यात त्यांचा काय दोष?

मशीनही हे ठरवू शकत नाही. एकाच माणसाने दहा वेळा "पाणी" म्हटलं तर कॉम्प्युटरवर दहा आलेख येतात, सगळे थोडे थोडे वेगळे. यातला कुठला फरक मोजायचा हे फक्त ती भाषा बोलणारा माणूस सांगू शकतो. म्हणून आम्ही बाकी सगळं तेच ठेवून एकच आवाज बदलतो आणि विचारतो, शब्द बदलला का? काल-काळ, वेल-वेळ, मन-मण. बदलला! म्हणजे ल आणि ळ वेगळे, न आणि ण वेगळे. अशा अर्थ बदलणाऱ्या आवाजाला स्वनिम म्हणतात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण च-ज चं. "चार आंबे" म्हणा आणि मग "गुरांना गवत चार" म्हणा, जीभ कुठे लागते बघा. लिहायला अक्षर एकच पण आवाज दोन, आणि अर्थही दोन. तसंच "सगळं जग" आणि "सुखाने जग". लिपीत हा फरक नाहीच, तरी तो कोणी आपल्याला शिकवलेला नसतो, ऐकून ऐकूनच येतो, मला याचं अजूनही फार नवल वाटतं.

पण याच दोन आवाजांची दुसरी गंमत "माझा" आणि "माझी" मध्ये आहे. शब्द तोच, पण पुढे ई आली की झ आपोआप बदलतो, तिथे आपल्याला निवडच नसते. अशी निवड भाषेत कुठेच नसेल तर ते दोन आवाज एकाच स्वनिमाची दोन रूपं धरतात. तमिळमध्ये भोवऱ्याला पंबरम् म्हणतात, आपल्या कानाला त्यात प आणि ब स्वच्छ ऐकू येतात, पण तमिळ लिपीत दोन्हीला अक्षर एकच, कारण अस्सल तमिळ शब्दांत सुरुवातीला प येतो आणि अनुनासिकानंतर ब, एकाची जागा दुसरा घेतच नाही.

आणि हो, वऱ्हाडीत डोळ्याला डोया म्हणतात ते "अशुद्ध" नाही हो. त्या बोलीचा हिशोब वेगळा, तो त्या बोलीतूनच मांडायला पाहिजे. प्रमाण मराठीची पट्टी तिथे लावली की चुकतंच.

आता एकूण आकडा किती, तर तो तुम्ही म्ह, न्ह, ल्ह यांना एक धरता का दोन यावरही अवलंबून आहे, आणि यावर अभ्यासकांत खरोखर मतभेद आहेत. मण-म्हण ही जोडी आहेच, पण ती दोन्ही बाजूंनी वापरता येते. मी एक धरते. "सत्य" म्हणताना स वर आघात येतो, "तुम्ही" म्हणताना तु वर येत नाही, वृत्तात मात्रा मोजतानाही तो तु लघुच धरतात. म्ह खरंच जोडाक्षर असतं तर तु गुरू झाला असता. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा.