लेझर की आयपीएल? मशीनच्या आधी त्वचेचा रंग बघा

नको असलेले केस काढण्याच्या उपचारांत ‘आयपीएल लेझर’ हा जोडशब्द सर्रास वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आयपीएल हे लेझर नाही. लेझरमधून एकाच तरंगलांबीचा प्रकाश निघतो. आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) म्हणजे झेनॉन वायूच्या दिव्याचा जोरदार फ्लॅश. त्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश एकदम बाहेर पडतो आणि हँडपीसमधला, म्हणजे त्वचेवर टेकवायच्या भागातला फिल्टर त्यातला कमी तरंगलांबीचा पट्टा कापून टाकतो. दोघांचं लक्ष्य मात्र एकच, केसाला रंग देणारं द्रव्य, मेलॅनिन.

अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ साली मांडलेलं तत्त्व आजही या सगळ्या मशीनच्या मुळाशी आहे. योग्य तरंगलांबी आणि योग्य लांबीचा पल्स (प्रकाशाचा एक ठोका) निवडला, तर प्रकाशाची उष्णता हव्या त्या जागीच साठते आणि आजूबाजूची त्वचा वाचते. केसातलं मेलॅनिन प्रकाश शोषतं, तापतं आणि ती धग मुळाशी असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या पेशींपर्यंत जाते. पण तेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही असतं. खरी मेख इथे आहे. त्वचा जितकी सावळी, तितका प्रकाश मुळापर्यंत पोचायच्या आधी वरच अडतो आणि वरच भाजतो.

म्हणून तरंगलांबीचा आकडा मशीनच्या नावापेक्षा महत्त्वाचा. लेझरच्या प्रकारांपैकी अलेक्झांड्राइट ७५५ नॅनोमीटरवर चालतं. मेलॅनिन ते भरपूर शोषतं, त्यामुळे गोऱ्या त्वचेवर काळ्या केसांसाठी ते उत्तम. डायोड ८०० ते ८१० च्या आसपास, मधलं. एनडी-याग १०६४ वर. तिथे मेलॅनिनचं शोषण बरंच कमी असतं आणि प्रकाश खोल उतरतो, म्हणून गडद त्वचेला ते सर्वांत सुरक्षित. त्याची किंमतही असते: ऊर्जा जास्त लावावी लागते, दुखतं जास्त आणि बारीक केसांवर असर कमी होतो.

आयपीएलमध्ये ही निवड इतकी नेमकी करता येत नाही. फिल्टर लावला तरी पट्टा रुंदच राहतो आणि त्यातला कमी तरंगलांबीचा प्रकाश त्वचेचं मेलॅनिन आधी पकडतं. आयपीएलने भाजलेली त्वचा ओळखू येते. हँडपीसच्या काचेच्या आकाराचे लांबट चौकोन, विटेला वीट लावावी तसे, आधी लालसर, मग तपकिरी. कधी कधी तिथला रंगच उडून फिकट पट्टे राहतात आणि ते जायला महिनोन्‌महिने लागतात.

पल्सची लांबीही विचारायलाच हवी. त्वचेचा वरचा थर साधारण ३ ते १० मिलिसेकंदांत थंड होतो. जाड केसाच्या मुळाला त्याच्या कित्येक पट वेळ, कधी १०० मिलिसेकंदही लागतात. म्हणून सावळ्या त्वचेवर पल्स लांब ठेवतात, अनेकदा ३० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त. ऊर्जा सावकाश गेली की त्वचा मधल्या मध्ये उष्णता सोडून देते, मूळ मात्र तापतच राहतं. जोडीला थंडावा हवा: नीलमण्याचं गार टोक, थंड हवेचा झोत किंवा क्रायोजेनचा (अतिथंड द्रवाचा) फवारा. नुसत्या जेलवर भागवत असतील तर सावळ्या त्वचेने तिथून उठावं.

आमचं मत स्पष्ट आहे. गव्हाळ ते सावळ्या वर्णाला लांब पल्सचं डायोड किंवा एनडी-याग, आयपीएल नको. गोरी त्वचा आणि काळे, जाड केस असतील तर लेझर आणि आयपीएल दोन्ही चालतात, फक्त आयपीएलला सहसा दोन-चार सेशन जास्त लागतात. केस पांढरे, सोनेरी किंवा लाल असतील तर दोन्ही व्यर्थ, कारण पकडायला पुरेसं काळं मेलॅनिनच नसतं. तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईने मुळाशी वीज सोडून एकेक केस काढणं.

एका सेशनमध्ये काम का होत नाही, याचं कारण केसांच्या वाढीत आहे. वाढीच्या अवस्थेतला केसच मुळाशी घट्ट जोडलेला असतो आणि धग त्यालाच नीट पोचते. बाकीचे त्या दिवशी सुटतात. म्हणून ६ ते ८ सेशन, चेहऱ्यावर ४ ते ६ आठवड्यांच्या आणि अंगावर ६ ते ८ आठवड्यांच्या अंतराने. लवकर काम व्हावं म्हणून दर पंधरा दिवसांनी गेल्याने काहीही साधत नाही. मिळते ती दीर्घकाळ टिकणारी घट. प्रत्येक केस कायमचा जाईल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

तयारीत सर्वांत जास्त चूक होते ती वॅक्सिंगची. वॅक्स, थ्रेडिंग, प्लकिंगने केस मुळासकट निघतो आणि प्रकाशाला पकडायला काही उरतच नाही. ही तिन्ही आधीचे ४ ते ६ आठवडे बंद. रेझर मात्र आदल्या दिवशी फिरवायचाच. वर केस राहिला तर तो पृष्ठभागावरच जळतो आणि त्वचेला चटका देतो. टॅन झालेल्या त्वचेवर सेशन घेऊ नका. मेकअप, डिओडरंट पूर्ण पुसा. टॅटू आणि तीळ सोडून द्यायचे. डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकसारखं उन्हाला त्वचा संवेदनशील करणारं औषध चालू असेल तर आधी सांगा. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड उठत असतील तर तेही. टेस्ट पॅच घ्या आणि सावळी त्वचा असेल तर दुसऱ्याच दिवशी निष्कर्ष काढू नका. डाग उशिरा उमटतो, आठवडाभर तरी थांबा.

सुन्न करणारं क्रीम मोठ्या भागावर थापून वर प्लास्टिक गुंडाळणं धोकादायक आहे. त्यातलं भूल देणारं औषध रक्तात उतरतं आणि अशाने मृत्यूही झाले आहेत.

पल्स बसताना रबरबँड चटकन लागल्यासारखं वाटतं. काही मिनिटांत प्रत्येक केसाभोवती बारीक लालसर फुगवटा दिसला की ऊर्जा बरोबर बसली. त्वचा पांढुरकी किंवा राखाडी पडली, किंवा फुगवटे एकमेकांत मिसळून सलग गांध आली, तर तिथेच थांबवायला सांगा. नंतर गार पट्टी, एक-दोन दिवस गरम पाणी आणि घाम टाळणं, आणि रोज सनस्क्रीन. पुढच्या १ ते ३ आठवड्यांत केस वाढल्यासारखे दिसतात. ते वाढत नसतात, मेलेले केस बाहेर ढकलले जात असतात. उपटू नका.

गाल, हनुवटी आणि मानेवरच्या लवेबद्दल विशेष काळजी घ्या. अपुऱ्या ऊर्जेने कधी कधी उलटंच होतं, शेजारची बारीक लव जाड आणि काळी होते. लेझर आणि आयपीएल दोन्हींत हे दिसतं, गडद त्वचेत आणि पीसीओएस हा हॉर्मोनचा विकार असताना अधिक. हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले तर आधी हॉर्मोनची तपासणी.

घरगुती आयपीएलची ऊर्जा क्लिनिकच्या मशीनपेक्षा बरीच कमी असते. गोऱ्या त्वचेला ते चालतं, पण नेमाने वापरत राहावं लागतं. अनेक उपकरणांतला सेन्सर गडद त्वचेवर फ्लॅश द्यायचं नाकारतो. फिकट जागी धरून त्याला फसवू नका. काख आणि जांघ हातापेक्षा गडद असतात, तिथे वेगळी तपासणी करा. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत कुठलंच मशीन चालवायचं नाही. १०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्यांना दिसत नाही पण डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा करतो, म्हणून चष्मा त्याच तरंगलांबीसाठी बनवलेला हवा.

प्रत्येक सेशननंतर तरंगलांबी, ऊर्जा (जूल प्रति चौरस सेंटिमीटर), पल्सची लांबी आणि स्पॉटचा, म्हणजे त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याचा आकार लिहून मागा. क्लिनिक बदललं तर पुढच्याला तिथून सुरुवात करता येते, आणि लेझरचे १५ जूल व आयपीएलचे १५ जूल सारखे नसतात हे ध्यानात ठेवून त्याला आकडा ठरवता येतो.